येशू त्याच्यामागे धावला नाही

परदेशात सेवेला निघालेली तरुण मंडळी मला नेहमी विचारतात, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांशी विश्वासाबद्दल बोलायचं तरी कसं? किशोरवयीन मुलांच्या शिबिरांत मी बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून जाते, बहुतेक वेळा दुभाष्याच्या मदतीने. माझं उत्तर बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, दहाव्या अध्यायापासून सुरू होतं.

एक श्रीमंत माणूस धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवन मिळवण्यासाठी काय करू असं विचारतो. तो तरुण होता हे मत्तय, दुसरा शुभवर्तमानकार, सांगतो. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, हे मात्र फक्त मार्क सांगतो. येशू त्याला म्हणतो, सगळं विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. ते ऐकून तो खिन्न होतो आणि निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही. अट सैल करत नाही. समजूत काढायला शिष्यांना पाठवत नाही. ज्याच्यावर प्रीती आहे त्याला जाऊ देण्याची आपली तयारी नसेल, तर आपण मुलांपुढे उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

या वयात हे फार जपावं लागतं. परदेशातून आलेली ताई खेळ घेते, गाणी शिकवते, नाव लक्षात ठेवून हाक मारते. तिला बरं वाटावं म्हणून मुलं काहीही कबूल करतील. शेजारच्या मैत्रिणीचा हात वर गेला की आपलाही जातो. म्हणून शेवटच्या रात्री शेकोटीभोवती हळवं गाणं म्हणून, डोळे मिटायला लावून, ‘ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा’ असं मी कधी म्हणत नाही. कुणाला खरंच पुढे यायचं असेल तर सकाळी, स्वच्छ उजेडात, पोट भरलेलं असताना बोलू. आणि आधी घरी बोलून ये, असं सांगते. जो प्रभू रात्री हाक मारतो तो सकाळीही मारतोच, यावर माझा विश्वास आहे.

आईवडिलांना अंधारात ठेवून काही करायचं नाही, हा माझा पक्का नियम. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं चौदावं कलम मुलाला विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं, आणि त्यात मुलाला वाट दाखवण्याचा पालकांचा हक्कही मानतं. शिबिरात प्रार्थना आणि शास्त्रवाचन आहे हे पालकांना दिलेल्या कागदावर, त्यांच्या भाषेत, स्पष्ट लिहिलेलं असावं. शिकवणी, खेळाचं साहित्य किंवा जेवण यांचा संबंध कुणी प्रार्थनेला बसलं की नाही याच्याशी कधीच लावू नये. मदतकार्य करणाऱ्या संस्थांसाठी रेड क्रॉस चळवळीने 1994 मध्ये जी आचारसंहिता काढली, तिच्यातही हेच आहे: मदतीचा वापर एखादी धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करायचा नाही. मला हे तत्त्व बाहेरून लादलेलं कधी वाटलं नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला, पण उरलेल्या नऊ जणांचं आरोग्य काही त्याने काढून घेतलं नाही.

मग प्रत्यक्ष काय करायचं? मी मार्क घेते. चार शुभवर्तमानांत सगळ्यांत लहान तेच, सोळाच अध्याय, आणि त्यात येशू सतत कुठेतरी निघालेला असतो, त्यामुळे मुलं कंटाळत नाहीत. एक उतारा छापलेला कागद प्रत्येकाच्या हातात देते. समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, काही लख्ख कळलं तिथे दिव्याचं चित्र, आणि ‘हे मला करायला हवं’ असं वाटलं तिथे बाण. पहिली वीस मिनिटं मी बोलत नाही. मुलं खुणा करतात, मग खुणांवर गप्पा.

एकदा पाचवा अध्याय होता. येशू भूतग्रस्त माणसाला बरं करतो, त्याच्यातली भुतं डुकरांत शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरं समुद्रात बुडतात. एका मुलीच्या कागदाचा समास प्रश्नचिन्हांनी भरला होता. ती म्हणाली, “पण डुकरांच्या मालकाचं काय? त्याचं नुकसान कोण भरून देणार?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, शास्त्र ते सांगत नाही, आणि तुझा प्रश्न रास्त आहे. पुढे वाचलं तर गावातले लोक येशूला विनवतात, आमच्या प्रदेशातून निघून जा. तो होडीत चढतो. त्या मुलीने तिथे दिवा काढला. “त्यांनी जा म्हटलं आणि तो गेला?” त्या दिवशी पुढचा तासभर आम्ही एवढ्यावरच बोललो.

काही प्रश्नांना मात्र लगेच बायबलचं वचन काढून देऊ नये. एका मुलाने विचारलं, आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली तरी आजी का गेली? अशा वेळी देवाची योजना वगैरे बोलणं मला क्रूर वाटतं. मी त्याला आधी आजीबद्दल विचारलं. पुष्कळ वेळाने आम्ही बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र वाचलं, ज्यात दावीद राजा पहिल्या दोन वचनांतच चार वेळा देवाला ‘कुठवर?’ असं विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. देवाशी असं बोललेलं चालतं, हे त्याला माहीत नव्हतं.

मुलाशी बोलताना दार उघडं, दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण कुणी त्याला इजा करत असेल तर ते जबाबदार व्यक्तीला सांगावंच लागतं. खाजगी मेसेज नाहीत, फोटो परवानगीशिवाय नाहीत. यावर चर्चा नको.

आणि आपण निघून जाणार आहोत, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायचं. तिथली मंडळी, तिथला युवक नेता, आपली दुभाषी मुलगी, हे राहणार आहेत. मुलांची माया आपल्याभोवती गोळा झाली तर नंतर ती पोरकी होतात. म्हणून शेवटच्या दिवसांत गटाचं वाचन मी दुभाषी मुलीकडेच सोपवते आणि स्वतः गटात बसून खुणा करते. ती मुलांना माझ्यापेक्षा चांगलं ओळखते. डुकरांच्या मालकाची चौकशी करणाऱ्या मुलीने निघताना मला सांगितलं की तिचा अजून विश्वास बसलेला नाही. मी म्हटलं, ठीक आहे. परवा तिथल्या युवक नेत्याचा निरोप आला: गटाने आता लूकचं शुभवर्तमान वाचायला घेतलंय, आणि ती दर आठवड्याला येते, कागद भरून प्रश्नचिन्हं घेऊन.