आप्पांची जन्मतारीख

आमच्या आप्पांना तीन जन्मतारखा होत्या आणि वाढदिवस त्यांनी एकदाही केला नाही.

शाळेच्या दाखल्यावर १ जून १९७०. आधार कार्डावर १ जानेवारी १९६७. तिसरी फक्त आजीच्या डोक्यात, आणि तिला ना दिवस ना महिना. ते गेले १८ फेब्रुवारी २०२० रोजी. एवढी एकच तारीख सगळ्या कागदांवर सारखी आहे.

सकाळी डेअरीला दूध घालून परत येताना उंब्रजजवळ हायवेवर मागून टेम्पोने उडवलं. मोटरसायकलला रिकामं कॅन अडकवलेलं होतं. ते पुढे कितीतरी दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात गाडीबरोबर पडून होतं, आणि आई मला सारखी म्हणायची, कॅन तरी सोडवून आण. याहून जास्त त्या सकाळबद्दल मला लिहायचं नाही. तेराव्याच्या आत दोन अनोळखी माणसं दारात येऊन 'क्लेम करून देतो, टक्केवारीवर' म्हणाली. त्यांना चुलत्यांनी काय सांगून हाकललं, तेही लिहिण्यासारखं नाही.

आम्ही ओळखीतला वकील केला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज, अर्जदार चौघं: आई, आजी, मी आणि बारावीतला भाऊ. मध्ये लॉकडाऊन लागला, तरी चाललं, कारण तेव्हा दाव्याला मुदत नव्हती. १ एप्रिल २०२२पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी घरी बसू नये. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, टेम्पोची विमा पॉलिसी, जे मिळेल ते आधी हातात घ्या.

मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे वकिलांनी हिशोबाची रीत सांगितली तेव्हा मला ती लगेच कळली आणि कळल्याचाच राग आला. महिन्याचं उत्पन्न धरायचं. त्यात पुढे वाढलं असतं म्हणून काही टक्के मिळवायचे. मग माणूस स्वतःवर जेवढं खर्च करत असेल तेवढं वजा. आमच्यासारखे चारजण अवलंबून असतील तर एक चतुर्थांश. (आप्पा स्वतःवर एक चतुर्थांश खर्च करायचे! तंबाखूची पुडी आणि वर्षाला एक चप्पल.) उरेल त्याची वर्षाची रक्कम, आणि तिला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात पक्के केले, आणि वाढीचे टक्के २०१७च्या प्रणय सेठी निकालात. सहवास गमावल्याचे ४०,००० रुपये त्याच निकालातले, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ. महागाई भत्त्यासारखं.

उत्पन्न सिद्ध करणं हीच मोठी डोकेदुखी. आप्पांना पगार नव्हता. दूध संस्थेची दर दहा दिवसांची बिलं मी पत्र्याच्या पेटीतून काढली, ती बरी होती. आल्याच्या पिकाच्या मात्र व्यापाऱ्याने दिलेल्या कच्च्या चिठ्ठ्या, त्याही अर्ध्या पावसात भिजलेल्या. शिवाय विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं असं, की जमीन आहे तिथेच आहे, उत्पन्न बुडालं कुठे? गेली ती फक्त देखरेख, तेवढ्याचेच पैसे द्या. हे त्यांच्या मनचं नाही, न्यायालयंही शेतीचा विचार बऱ्याचदा असाच करतात.

आईचा उलटतपास झाला त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. विमा कंपनीच्या वकिलांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मावशी, आता शेती कोण बघतं?"

आईने पदर सावरला. "मीच बघते की. गुंठाभर रान पडीक ठेवलं न्हाई."

आमच्या वकिलांनी मान खाली घातली. आई बाहेर आली ती ताठ मानेने, आणि मला विचारते, "बरोबर सांगितलं नव्हं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आता जन्मतारखेचं. दाखला धरला तर अपघाताच्या वेळी आप्पा ४९ वर्षांचे, गुणक १३, वाढ २५ टक्के. आधार धरलं तर ५३, गुणक ११, वाढ फक्त १० टक्के. न्यायाधिकरणाने शेवटी महिना १०,००० उत्पन्न धरलं, त्यावर करून बघा: दाखल्याने १४,६२,५०० आणि आधारने १०,८९,०००. फरक ३,७३,५०० रुपयांचा. विमा कंपनी अर्थातच आधार धरून बसली होती.

गावाकडच्यांना १ जूनचं गुपित सांगायला नको. आमच्या मागच्या दोन पिढ्यांतलं निम्मं गाव त्याच दिवशी जन्मलेलं आहे. गुरुजी पोराकडे बघायचे, सहा वर्षं मागे मोजायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून टाकायचे. आणि आधारच्या कॅम्पमध्ये आप्पांनी दाखला नेलाच नव्हता. "चव्वेचाळीस धरा" म्हणाले, त्या पोराने वर्ष काढलं आणि तारीख १ जानेवारी पडली.

अर्ज तयार करताना वकील घरी आले होते. त्यांनी सहज विचारलं, "आजी, तुम्हाला आठवतं का मुलगा कधी झाला?"

आजी म्हणाली, "आठवतंय की. सातव्या म्हैन्यात मला पाटणकडं म्हायारी आणल्याली, आन् भुकंप झाला. पहाटंचं. परड्यातली भित्ताडं पडली. मी पोटाला हात लावून अंगणात बसल्याली."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. सातवा महिना म्हणजे आप्पा १९६८च्या फेब्रुवारी-मार्चचे. अपघातात ५१ पुरे झालेले, कदाचित ५२. म्हणजे खरं वय धरलं तरी गुणक ११च. दोन वर्षं गुरं राखून मग शाळेत गेलेल्या पोराला गुरुजींनी सहाचा केला होता.

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. "आजी, चहा फार छान झालाय," म्हणाले. आजीचं नाव साक्षीदारांच्या यादीत आलं नाही. शाळेचा दाखला हा कायद्याने पुरावा आहे, आजीच्या आठवणीला तेवढं वजन नाही. माझी झोप त्यावरून उडाली असं म्हटलं तर खोटं होईल.

मग २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका अपघाताच्या दाव्यात, आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळेचा दाखला धरा, असा निकाल दिला. आमचा युक्तिवाद त्यानंतर पंधरा दिवसांनी होता. वकिलांनी त्या निकालाची प्रत जोडली. डिसेंबरमध्ये आमचा निकाल लागला, व्याजासह. आईच्या वाट्यातली बरीचशी रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवायची अट आहे. आजी त्याच्या आदल्या वर्षीच गेली.

निकालपत्र मी घरी वाचून दाखवलं. आई भाकऱ्या थापत होती. मध्येच थांबली.

"वय किती लिवलंय त्यांचं?"

"एकोणपन्नास."

तिच्या स्वतःच्या दाखल्यावर १ जून १९६९ आहे. तिने मनात हिशोब केला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा आप्पांच्या नावावर हसली.

"म्हंजी माझ्याहून ल्हान की गं!"