चूक वेटरची, भरपाई कुणाची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमीचाच आहे. नवं रेस्टॉरंट काढणारे विचारतात, नुकतीच मॅनेजर झालेली मुलं विचारतात, क्वचित एखादा वेटरही दबक्या आवाजात विचारतो: ग्लास फुटला, ऑर्डर चुकली, गल्ल्यात पैसे कमी भरले, तर ते कामगाराच्या पगारातून कापावेत का?

कापू नयेत. कुणी चोरी केली असेल तर तिला चूक म्हणत नाहीत, आणि तिचा निवाडा पगाराच्या दिवशी मालकाने एकट्याने उरकायचा नसतो. त्यासाठी रीतसर वाट आहे. पण हातून निसटलेलं, ऐकण्यात गफलत झालेलं, घाईत विसरलेलं, यातल्या कशाचाही पैसा पगारातून वळता करू नये, असं माझं ठाम मत आहे.

यावर मालक मंडळींचा सवाल ठरलेला असतो. "मग शिस्त लागणार कशी? खिशाला चाट बसली की माणूस आपोआप जपून काम करतो." सर्व्हिस सांभाळताना इतक्या वर्षांत मी पाहिलंय ते वेगळंच आहे. खिशाला चाट बसायला लागली की चुका होतच राहतात, फक्त त्या कुणी सांगत नाही. आणि रेस्टॉरंटमध्ये न सांगितलेल्या चुकीइतकं धोक्याचं दुसरं काही नाही.

बर्फाच्या पेटीचंच बघा. ऐन गर्दीत स्कूप सापडत नाही म्हणून कुणीतरी हातातल्या ग्लासनेच बर्फ उपसतो. ग्लासाची कड पेटीला लागते आणि टवका उडतो. ओल्या बर्फात काच डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही कळत नाही. टवका शोधत बसण्यात अर्थ नसतो. तिथे करायचं काम एकच: पेटी तिथल्या तिथे बंद करायची, सगळ्यांना ओरडून सांगायचं, आतला सगळाच्या सगळा बर्फ गरम पाणी ओतून वितळवायचा, तळाला राहिलेले कण टिपून घ्यायचे, पेटी पुसून कोरडी करायची आणि मगच नवा बर्फ भरायचा. तेवढा वेळ थंड पेयं बंद, टेबलांवरची माणसं खोळंबलेली, मॅनेजरचा पारा चढलेला. हे सगळं ओढवून घ्यायला त्या मुलाला एक शब्द बोलायचा असतो, "फुटला." आणि त्या शब्दाची किंमत त्याच्या पगारातून जाणार असेल तर? तुटका ग्लास कचऱ्याच्या डब्यात तळाशी जातो, वर दोन ओले कागद पडतात, बर्फ आहे तसा राहतो. पुढचं पेय एखाद्या लहान मुलासमोरही जाऊ शकतं.

त्या मुलाला मी वाईट म्हणणार नाही. आपण त्याच्यासमोर जो सौदा मांडला, तो त्याने केला.

ॲलर्जीचंही तेच. गिऱ्हाईकाने सांगितलेलं असतं की सुकामेवा चालत नाही, तरी ताटावर बदामाचे काप भुरभुरून येतात. ताट परत पाठवलं जातं. नवं ताट बनवायचं तर त्याचे पैसे वेटरच्या नावावर पडणार असतील, तर वरचे काप चमच्याने काढून तेच ताट पाच मिनिटांनी पुन्हा टेबलावर नेण्याचा मोह किती मोठा असेल याचा विचार करा. ॲलर्जी असलेल्या माणसाला मागे राहिलेला बारीकसा कणही पुरतो. घसा सुजतो, श्वास अडकतो, आणि उपचाराला उशीर झाला तर जीवही जातो.

बिल बुडवून पळणाऱ्या गिऱ्हाईकाबद्दलही मला पोटतिडकीने बोलायचंय. "तुझ्या टेबलाचं बिल, तूच भर" असा नियम असला की वेटर त्या माणसामागे रस्त्यावर धावतो, चालू गाडीपुढे उभा राहतो. एका जेवणाच्या बिलासाठी! ज्याने हा नियम केला तो त्या वेळी गल्ल्यावर बसलेला असतो. बिल बुडवणं हे गिऱ्हाईकाचं कृत्य आहे. दार कुठे असावं, पैसे आधी घ्यावेत की नंतर, हे मालकाने ठरवलेलं आहे. वेटरचा यात कसला दोष?

आता हिशेबाकडे येते, कारण "नुकसान झालंय ते कुणीतरी भरायलाच हवं" असं म्हणणाऱ्यांनी नुकसान नेमकं किती झालं हे बहुतेक वेळा मोजलेलंच नसतं. ऑर्डर चुकली की कापतात ती मेन्यू कार्डावरची किंमत. पदार्थाच्या विक्रीच्या दरात साहित्याचा खर्च साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. आचाऱ्याचा पगार आणि जागेचं भाडं ताट चुकलं नसतं तरी द्यावंच लागलं असतं. म्हणजे वाया गेलं ते साहित्य आणि थोडा गॅस, आणि कामगाराकडून वसूल झाली त्याच्या तिप्पट रक्कम. ही भरपाई नव्हे. चुकलेलं ताट कामगारालाच नफा धरून विकलेलं आहे.

शिवाय ते चुकलं कुणाचं? गिऱ्हाईक एक म्हणालं, वेटरने दुसरं ऐकलं, केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, तिसरंच उमटलं, भट्टीजवळच्या आवाजात आचाऱ्याने चौथं वाचलं. या साखळीत सगळ्यात कमी आवाज ज्याचा, त्याच्यावर बिल फाटतं. महिनाअखेरीला चमचे कमी भरले म्हणून सगळ्यांच्या पगारातून थोडे थोडे कापण्याची पद्धत तर त्याहून वाईट, कारण तिथे दोषी शोधायचं नाटकही कुणी करत नाही.

हा वाद काही माझ्या मनचा नाही, जुना आहे. ब्रिटनमध्ये १८९६ सालीच दंड आणि नुकसानभरपाईच्या कपातीवर कायद्याने अटी घातल्या होत्या, त्या कपाती वाजवी असल्या पाहिजेत असं त्यात होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण करारानुसार, कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने परवानगी दिली असेल तेवढीच कपात करता येते. जपानच्या कामगार कायद्यात तर अमुक नुकसान झालं तर तमुक रक्कम द्यावी लागेल असं आधीच ठरवून करारात घालायलाच मनाई आहे. शिस्तभंगासाठी पगार कापायचा झाला तरी एका वेळी अर्ध्या दिवसाच्या सरासरी पगारापेक्षा जास्त नाही. जर्मनीतल्या न्यायालयांनी दोषाच्या पायऱ्या केल्या आहेत: किरकोळ हलगर्जीपणाला कामगार काहीच देणं लागत नाही, मधल्या प्रकारात भार वाटून घ्यायचा, आणि मुद्दाम किंवा घोर बेपर्वाईने केलं असेल तरच सहसा सगळं त्याच्यावर.

मला सगळ्यात पटलेला निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा, १९६२ चा, केर्स केटरिंग खटल्यातला. फिरत्या गाड्यांवरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या बायकांच्या कमिशनमधून गल्ल्यातली तूट कापली जात होती. न्यायालयाने ती कपात बेकायदा ठरवली. त्यामागचा विचार साधा आहे: थोडी तूट, थोडी मोडतोड ही कुठल्याही धंद्यात होणारच, तो धंदा चालवण्याचा खर्च आहे. कामगाराला मालकाच्या नुकसानीचा विमा उतरवायला लावता येत नाही.

भारतातला कायदा कपात सरसकट नाकारत नाही, पण तिला चांगलाच लगाम घालतो. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात आणि नंतर २०१९ च्या वेतन संहितेतही अटी स्पष्ट आहेत: वस्तू त्या माणसाच्या ताब्यात खास सोपवलेली हवी किंवा पैशांचा हिशेब देण्याची जबाबदारी त्याची हवी, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं हवं, कपात नुकसानीपेक्षा जास्त नको, आणि त्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळायला हवी. चमच्यांची सामाईक कपात आणि मेन्यूच्या दराने केलेली वसुली या चाळणीतून कशी पार पडेल, ते मालकांनी स्वतःलाच विचारावं.

छोट्या मालकांची अडचण मला कळते. नफा तोकडा असतो, डोक्यावर कर्ज असतं, आणि महिन्याला डझनभर ग्लास फुटले की ते खुपतं. त्यांना मी एक सांगते. फूटतूट हे खर्चाच्या वहीतलं कायमचं कलम करा, मिठाचं आणि गॅसचं असतं तसं. त्याखाली फुटलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवा, पण फोडणाऱ्याचं नाव लिहू नका. वेळ, जागा आणि कारण लिहा. महिनाभराने ती वही वाचली की गंमतच कळते. ग्लास बहुतेक एकाच वेळी फुटत असतात, रात्रीच्या गर्दीत, कारण ग्लास कमी आहेत आणि धुण्याच्या मशीनमधून निघालेला गरम ग्लास लगेच बर्फाने भरला जातोय. तापलेली काच एकदम गार झाली की तडकते, मग हात कुणाचाही असो. तिथे पोरांचा पगार कापून एकही ग्लास वाचणार नाही. ग्लासांचा आणखी एक रॅक घेतला तर वाचतील.

ऑर्डर चुकण्यावरही उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. टेबलावरून उठण्याआधी ऑर्डर पुन्हा वाचून दाखवायची सवय लावा. ॲलर्जी केओटीवर वेगळी आणि ठळक लिहा. सलग दोन शिफ्ट केलेल्या माणसाला मोठं टेबल देऊ नका.

"आणि वारंवार चुकणारा?" असतो असाही एखादा. त्याच्याशी बोला, पुन्हा शिकवा, दुसरं काम देऊन बघा. तरीही जमत नसेल तर समज द्या, आणि अगदीच इलाज नसेल तर रीतसर नोटीस देऊन कामावरून कमी करा. कटू असलं तरी ते उघड आहे. केलेल्या कामाचा पूर्ण पगार मात्र त्याच्या हातात पडला पाहिजे, शेवटच्या दिवसाचासुद्धा. ब्रिटनमध्ये आज गिऱ्हाईकांशी थेट व्यवहार करणाऱ्या कामगारांकडून गल्ल्याची तूट एका पगारात दहा टक्क्यांपर्यंतच कापता येते, पण शेवटच्या पगाराला ती मर्यादा लागू नाही. मला ते अजिबात पटत नाही. नोकरी सोडताना माणसाला पैशांची निकड सगळ्यात जास्त असते.

गल्ल्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. एकाच गल्ल्यात चौघांचे हात जात असतील तर तूट कुणाची, हे कुणालाही सांगता येणार नाही. एका शिफ्टला एकच माणूस बसवा. सुरुवातीला आणि शेवटी दोघांनी मिळून पैसे मोजा, दोघांच्या सह्या घ्या. थोडंफार इकडेतिकडे होईल, कधी कमी भरेल तर कधी जास्तही. जास्त भरलेलं तुम्ही कामगाराला देत नाही ना? मग कमी भरलेलं त्याच्याकडून मागायचंही नाही. मोठी रक्कम कमी भरली तर दोघांनी बसून बिलं पडताळा. बहुतेक वेळा एखादं कार्डाचं बिल रोखीत टाकलेलं सापडतं.