कानस घेऊन वारीला

पिठल्याचं पातेलं आम्ही दोघांनी धरलं होतं. मागे मामा, पुढे मी. शाळेच्या व्हरांड्यात कोणीतरी नुकतीच फरशी धुतलेली, बाहेर पाऊस, आणि माझ्या पायात तीन आठवड्यांपूर्वी अकोल्यात घेतलेले कोरे बूट. "ग्रिप पाहा साहेब, डोंगर चढून जाल," असं म्हणून दुकानदाराने विकलेले. तिसऱ्या फरशीवर उजवा पाय जो पुढे गेला तो माझ्या हुकमात राहिलाच नाही. पातेलं मामाने कसंबसं सावरलं. तरी पाव हिस्सा पिठलं फरशीवर गेलं आणि त्यात मी. पंगतीतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "माउली, बसाले सतरंजी हाये नं तिकडं."

ही वाट शेगावच्या पालखीच्या परतीची. गजानन महाराजांची पालखी 1968 पासून आषाढीला पायी पंढरपूरला जाते. जाताना अकोला, परभणी, सोलापूर अशी, येताना बीड, जालना, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर अशी. पालखीतले ते 700-एक वारकरी पांढऱ्या कपड्यांत, रांगेत, टाळ-पताका घेऊन चालतात. आम्ही त्यांच्यातले नाही. पालखी जानेफळला आली की आमच्या गावची पंचवीस-तीस माणसं मागे लागतात आणि शिर्ला नेमाने, आवार, खामगाव करत शेगावला पोचतात. मुक्काम ज्याचा त्याचा, मिळेल त्या शाळेत नाहीतर समाजमंदिरात. शेगावला पालखी पोचते तेव्हा श्रावणाचा सुमार असतो. म्हणजे वाटेत पाऊस धरूनच चालायचं.

मामाचं गावात सायकल-मोटारसायकलचं पंक्चरचं दुकान आहे. चाळीस वर्षं तो रबर घासतोय. वारीला निघताना लोक पिशवीत गोळ्या, बाम घेतात. मामाच्या पिशवीत कानस, सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबचे तुकडे आणि सुतळीचा गुंडा. वाटेत कोणाची सायकल अडली तर उपयोगी पडावं म्हणून, असं तो म्हणतो. मला वाटतं त्याला दुकान सोडून राहवतच नाही.

जेवणं झाल्यावर त्याने माझा बूट मागितला. उलटा केला, तळाला अंगठ्याचं नख दाबलं, मग बोट फिरवलं. "चमकते काहून हे?" म्हणाला. मी म्हटलं, नवा आहे, चमकणारच. "तेच तं. नवं टायर बसवलं का आम्ही काय सांगतो गिऱ्हाइकाले? पयले शंभर किलोमीटर हळू चालवजो, वळणावर वाकवू नको. साच्यातून निघताना टायरले जे चोपडं लागलं असते ते रस्त्यानं घासून जाऊ दे. तुह्या बुटाले कोणी घासलंच नाई."

बुटाचा तळही साच्यातच भरतात. तो साच्याला चिकटू नये म्हणून आत लावलेल्या द्रव्याचा पातळसा थर रबरावर राहतो आणि वरची कातडी काचेसारखी गुळगुळीत असते. घरी ऑफिसला जाताना ते कळत नाही, कारण कोरड्या सिमेंटवर सगळंच धरतं. मी तीन आठवडे हे बूट घालून टेबलाखाली पाय ठेवून बसलो होतो, त्यालाच मी 'बूट मुरवणं' समजत होतो.

मामाने आधी हातपंपावर साबणाने आणि नारळाच्या किशीने तळ धुवायला लावला. आमच्यातल्या एका पोराने रॉकेलने पुसायचा सल्ला दिला. मामा त्याच्यावर खेकसलाच. रॉकेल-पेट्रोलने रबर फुगतं, मऊ पडतं, डिंकही सुटतो. धुतलेला तळ कोरडा झाल्यावर त्याने कानस दिली आणि आडवं घासायला सांगितलं. उभं नाही. पाय घसरतो तो पुढे किंवा मागे, तेव्हा चरे त्याच्या आडवे हवेत. टाच आणि चवड्याखालचा भाग, एवढंच. काळी पूड पडू लागली, चमक जाऊन तळ मळकट, खरखरीत झाला. घरी करायचं तर 60 किंवा 80 नंबरचा पॉलिश पेपर पुरतो, दहा मिनिटांचं काम आहे. रात्री दहा वाजता शाळेच्या पायरीवर बसून मी बूट घासत होतो आणि आत भजन चाललं होतं. लोकांना वाटलं असेल, याचं काहीतरी नवसाचं आहे.

सकाळी त्याच व्हरांड्यात, त्याच फरशीवर, पाणी टाकून मी चालून पाहिलं. फरक होता. पूर्ण नाही, पण पाय सुटण्याआधी एक क्षण अडत होता, आणि तोल सावरायला तेवढा क्षण पुरतो. टाचेखाली मात्र गडबड राहिली होती. तिथे ट्यूबचा तुकडा डकवावा म्हणून मामाने जागा घासली, सोल्युशन लावलं, बोटाला चिकटेना इतकं सुकू दिलं, तुकडा दाबून बसवला, वर दगड ठेवला. अगदी पंक्चर काढतात तसं. दोन किलोमीटर चाललो नाही तर तुकडा गायब. मामाने टाच पुन्हा नखाने दाबली आणि हसला. "हे रबर नोहेच. फोम आहे फोम. याले आपलं सोल्युशन कायले धरते?" वजन कमी करायला हल्ली बुटाच्या तळात हलका फोम घालतात आणि रबर फक्त पट्ट्यापट्ट्यांनी लावतात. माझ्या टाचेच्या मधोमध तो फोमच उघडा होता. ओल्या फरशीवर असा कडक, गुळगुळीत फोम म्हणजे साबणाची वडी. बूट घेताना मी रंग पाहिला होता, वजन पाहिलं होतं, उलटा करून नख दाबून एकदाही पाहिलं नव्हतं.

आता गाऱ्याचं सांगतो. चिखलाला आमच्याकडे गारा म्हणतात, आणि काळ्या जमिनीतला गारा काय असतो ते कपाशीत डवरणी केलेल्यालाच ठाऊक. शिर्ल्याच्या पुढे काही जण रस्ता सोडून शेताच्या कडेने निघाले, म्हणून आम्हीही. वीस पावलांत एकेका बुटाला किलो-दीड किलोचा लोंदा. या मातीचे कण इतके बारीक की पाणी पिऊन फुगतात, आणि मग एकीकडे त्या बुटाला चिकटतात तर दुसरीकडे एकमेकांवरून घसरतात. तळाच्या खाचा एकदा भरल्या की खाचा असून नसल्यासारख्या. तुम्ही रबरावर चालतच नाही, मातीवर माती घेऊन चालता. कानशीने पाडलेले चरे इथे फुकट. इथे उपयोगाच्या त्या खोल, एकमेकांपासून लांब असलेल्या गुट्ट्या, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला असतात तशा, की चाक फिरलं की माती आपसूक गळून पडावी.

मामाने सुतळी काढली. चवड्याला तीन वेढे, मधे थोडं अंतर ठेवून, वर लेसला गाठ. ओल्या गवतावर आणि बांधाच्या उतारावर सुतळी जी धरते ती कुठल्याही महागड्या बुटाने धरावी! पण डांबरावर आलो की ती झिजते. तीन-चार किलोमीटरवर धागे लोंबायला लागतात, आणि मग त्यातच पाय अडकायची भीती. म्हणून डांबर आलं की सोडायची, खिशात टाकायची. सोबतच्या एका शिक्षकांनी मात्र सुतळी न सोडता दोन टप्पे काढले आणि तिसऱ्यात स्वतःच्याच सुतळीवर पाय देऊन पडले. त्यांना हसायला मी मोकळा नव्हतो, पिठल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

मामी अनवाणी. तिचा नवस आहे, कशाचा ते ती सांगत नाही. बांधाच्या उतारावरून ती आमच्या सगळ्यांच्या आधी खाली पोचायची. पायाची बोटं पसरून मातीत रोवायची, आधी बोटं, मग चवडा, मग टाच. "तुम्ही लोकं टाचेवर चालता," म्हणाली, "म्हणून पडता. गाय पाय गाऱ्यात कसं टाकते ते पायजा." टाच आधी टेकली की सगळं वजन रुपयाएवढ्या जागेवर येतं आणि तीच जागा सुटते. पाऊल सपाट टेकवायचं, लहान टाकायचं, गुडघा सैल ठेवायचा. पण मामीच्या पायात बाभळीचा काटा गेला तेव्हा कोणी अनवाणी चालण्याचं कौतुक केलं नाही, मामीनेही नाही.

घाटावरून घाटाखाली उतरताना आणखी एक कळलं, की बूट रस्त्यावर घसरतो तसा पायही बुटात घसरतो. ओला मोजा, आत गुळगुळीत झालेलं अस्तर, आणि उतारावर प्रत्येक पावलाला पाय पुढे जाऊन अंगठा टोकावर आदळतो. दोन नखं काळी झाली. मी सकाळी घामावर उपाय म्हणून बुटात पावडर टाकली होती, पावसात तिचा लगदा झाला. मोजे बदलले आणि लेस वेगळी बांधली: सगळ्यात वरच्या दोन भोकांत लेसचा एकेक फास करायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओवून ओढायची. घोटा बांधल्यासारखा होतो, टाच मागे बसते. लेस बांधायला मी पहिलीत शिकलो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्यात भर पडली.

उतारावरचं डांबर ओलं असलं तरी धरत होतं. दगा दिला तो कडेच्या सुट्या मुरुमाने, छऱ्यांसारखा पायाखाली फिरतो. मग पांढऱ्या पट्ट्यांनी. रस्त्यावरच्या त्या रंगावर पाणी असलं की डांबरावरून तिकडे पाऊल टाकताना दचकायला होतं. आणि कडुनिंबांखाली निंबोळ्यांनी. पिकून पडलेल्या, तुडवलेल्या निंबोळ्यांचा गर पावसात भिजला की तुपासारखा होतो. सावली दिसली की लोक झाडाखाली थांबायचे आणि तिथेच एकेक जण नाचायचा.

खामगावला पोचलो तेव्हा टाचेचा प्रश्न उरलेलाच होता. बाजाराजवळ एका पेटीवाल्या चांभारकाकांकडे बूट दिला. त्यांनीही आधी नखच दाबलं! फोमचा भाग रापीने खरवडून त्यांनी मऊ रबराचा चपटा तुकडा बसवला, त्यांच्या पिवळ्या डिंकाने, आणि चार टाके मारले. मग रापी पाण्यात बुडवून त्या रबरावर नागमोडी बारीक काप दिले, दोन मिलिमीटरसुद्धा खोल नसतील. मला वाटलं तुकडा वाया गेला. बूट वाकवून त्यांनी दाखवलं: वाकला की काप उघडतात, सरळ झाला की मिटतात. "पाणी आत घुसते, कडा खाली धरते," एवढंच स्पष्टीकरण, आणि साठ रुपये.

घरी आल्यावर वाचलं की नेमकं हेच 1935 मध्ये पॉल स्पेरी नावाच्या अमेरिकन माणसाने केलं होतं. त्याचं कुत्रं बर्फावर न घसरता पळतं म्हणून त्याने त्याचे पंजे पाहिले, त्यावरच्या बारीक भेगा पाहिल्या, आणि बोटीच्या ओल्या फळीवर चालायच्या बुटांना तसेच नागमोडी काप दिले. ओल्या, सपाट जागेवर बूट आणि फरशी यांच्यामधे पाण्याचा पापुद्रा असतो. तो बाजूला जायला वाट मिळाली तरच रबर फरशीला लागतं. म्हणजे गाऱ्यासाठी खोल गुट्टी आणि फरशीसाठी मऊ, चपटं, कापलेलं रबर. एकाच बुटात दोन्ही पुरेपूर मागणं म्हणजे एकाच बैलाने शर्यतही मारावी आणि तिफणही ओढावी. खामगावच्या काकांनी स्पेरीचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही, आणि कुत्र्याकडे पाहायला त्यांना वेळही नसावा.

शेवटचा टप्पा 16-17 किलोमीटरचा, आणि त्याबद्दल बुटांच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही नाही, कारण पाय खाली टेकायला जागाच नव्हती. 'गण गण गणात बोते' आणि माणसं. दर शंभर पावलांवर चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी. केळीच्या साली आहेतच पायाखाली. मामा वाकून वाकून साली उचलत होता आणि शिव्या देत होता, महाराजांच्या पालखीमागे चालताना जितक्या सौम्य देता येतील तितक्या. माझी नवी टाच नीट चालली. एकदा ओल्या पुलावर समोरचा माणूस घसरला, मी त्याचा दंड धरला आणि स्वतः उभा राहिलो. मामाने पाहिलं, बोलला काही नाही, फक्त माझ्या बुटाकडे एक नजर टाकली.

शेगावला बूट काढून ठेवले. दर्शनाच्या रांगेत सगळे अनवाणी, पावसाचं पाणी पायांबरोबर आत आलेलं, आणि खाली चकचकीत फरशी. चार दिवस बुटांशी झगडून मी शेवटी उघड्या, ओल्या पायांनी तिथे उभा. मामी पुढे होती, पट्टी बांधलेला पाय सपाट टेकवत. मागून मामा कुजबुजला, "बोटं पसर, भाश्या."

रांग हलली. मी बोटं पसरली. बाहेर आल्यावर मामाने पयले कानस मागितली. परवापासून ती माझ्याच पिशवीत राहिली होती.