आमची वाटचाल : मेरिनोच्या लोकरीचा कस

मेरिनो जातीच्या मेंढ्या पाळणाऱ्याला लोक पहिलं विचारतात ते मायक्रॉन, म्हणजे लोकरीच्या तंतूची जाडी. मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग; आकडा जितका कमी, तितकी लोकर बारीक. आमची लोकर आज १८ ते १९ मायक्रॉनमध्ये बसते, आणि दर कातरणीला तिथेच बसते. त्या सातत्याचा आम्हाला अभिमान आहे, कारण नुसत्या आकड्यामागे धावून हा व्यवसाय एकदा बंद पडायच्या बेतात आला होता.

एका मोठ्या पैदासकाराने १६.८ मायक्रॉनचा मेंढा विकायला काढला. कागद चोख होते. आम्ही आपले जुने मेंढे बाजूला ठेवून सलग दोन हंगाम त्याच्यावरच मेंढ्या फळवल्या. पहिल्या कातरणीला त्याच्या कोकरांची लोकर २० च्या पुढे निघाली आणि मानेवर, शेपटीखाली कातडीला चुण्याच चुण्या. कागदावर एक गोष्ट लिहिलेली नव्हती : नमुना घेतला तेव्हा मेंढा कित्येक महिने अर्धपोटी होता. चारा आटला की तंतू बारीक होतो, हिरवं मिळालं की पुन्हा जाड होतो. त्या मेंढ्याची बारीकी रक्तातली नव्हती, रिकाम्या पोटाची होती.

तंतूच्या जाडीत जनावराजनावरांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असतो. लोकरीच्या वजनात हा वाटा थोडा कमी, एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणून निवडीचा उपयोग होतोच, पण तुलना एकाच वयाच्या, एकाच कुरणात वाढलेल्या आणि एकाच वेळी मोजलेल्या जनावरांत हवी. जुळं कोकरू आणि पहिल्या वेताच्या मेंढीचं कोकरू अंगाने मागे राहतं, त्यांची नोंद वेगळी ठेवावी. नमुना घ्यायचा तो कुशीवर, शेवटच्या बरगड्यांपाशी, पाठ आणि पोट यांच्या मधोमध. खांद्यावरची लोकर बारीक असते, मांडीवरची जाड. खांद्यावरचीच बट उलगडून दाखवणाऱ्याला मांडीही दाखवायला सांगावं.

त्याच वर्षी पाऊस लांबला आणि गाभण मेंढ्यांचा खुराक कमी पडला. ही चूक सर्वस्वी आमची. गाभणकाळ १५० दिवसांचा. तंतू कातडीतल्या ज्या बारीक खळग्यातून उगवतो तो केशकूप. लोकरीची दाटी ज्यांच्यावर ठरते ते दुय्यम केशकूप त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत आणि जन्मानंतरच्या काही आठवड्यांत तयार होतात. मेरिनोत एका मुख्य केशकूपामागे असे वीसेक दुय्यम असतात. या काळात आई उपाशी राहिली की कोकराची दाटी जन्मभरासाठी घटते, तंतूही जाड होतो, आणि पुढे कितीही चारलं तरी ते भरून येत नाही. मेंढी विताना कण्यावर आणि फासळ्यांवर हात फिरवून बघावा. हाडं दाबल्यावर लागली पाहिजेत, टोचता कामा नयेत.

त्या मेंढ्यांची स्वतःची लोकरही गेली. आमचा सगळ्यात जुना ग्राहक म्हणजे एक सूत कातणाऱ्या बाई. लोकरीची गाठ उघडली की त्या पेन्सिलीएवढी बट काढतात, दोन्ही टोकं घट्ट धरून कानाशी नेतात आणि बोटाने टिचकी मारतात. सकस बट टणकन वाजते. त्या वर्षीची बट मधोमध टरकन तुटली. प्रयोगशाळेतही माल मजबुतीच्या मापात ३० न्यूटन प्रति किलोटेक्सच्या खाली, म्हणजे कमजोर निघाला. अशी लोकर विंचरताना तुटते, आखूड तुकडे वाया जातात आणि हाती लांब धागा उरत नाही. बाईंनी गाठी परत पाठवल्या. पुढच्या वर्षीची मागणी मात्र मोडली नाही. "दादा, आधी मेंढ्यांच्या पोटाचं बघा," एवढंच म्हणाल्या. इकडे तो पैदासकार, आमच्याकडे जनावराला चारा मिळत नाही, असं सांगत फिरला. त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणून ते अजून लागतं.

त्या मेंढ्याचे सगळे नर कळपातून काढले. माद्यांतल्या फक्त सपाट, बिनचुण्यांच्या अंगाच्या ठेवल्या आणि बाजूला ठेवलेले जुने मेंढे पुन्हा वापरायला घेतले. पुढची वर्षं सरळ गेली.

मेंढा घेणाऱ्यांना सांगतो. खांदा, कूस, मांडी अशा तीन जागी लोकर उलगडून बघा. तिन्हीकडे तंतूची नागमोडी वळणं सारखी दिसली पाहिजेत. रंग पांढरा ते सायीसारखा चालेल, पण कातडीजवळ हिरवट पट्टा दिसला तर लोकर भिजून सडली आहे, आणि तिथे माशी बसणार. चुण्यांत घाम आणि मूत अडकून राहतं, तिथेही हिरवी माशी अंडी घालते, शिवाय कातरताना यंत्र कातडी फाडतं. वृषण दोन्ही सारखे, घट्ट, घेर ३० सेंटिमीटरच्या वर हवा. गाठ लागली तर जनावर कितीही देखणं असो, सोडून द्या. शुक्राणू तयार व्हायला सात आठवडे लागतात, म्हणून खुराक फळवणीच्या दोन महिने आधी वाढवायचा, आदल्या आठवड्यात नव्हे. शंभर मेंढ्यांना दोन मेंढे पुरतात. एकाच्याच भरवशावर आम्ही आता राहत नाही.

कातरणीसाठी मेंढ्या रात्रभर उपाशी आणि कोरड्या ठेवाव्या. ओली लोकर बांधली की गाठीत तापते आणि पिवळी पडते. यंत्राचं पातं गरम झालं की लगेच बदलायचं. बोथट पात्याने एकाच जागी दोनदा यंत्र फिरवावं लागतं, आणि दुसऱ्या फेरीचे आखूड तुकडे चांगल्या लोकरीत मिसळतात. पोटाची लोकर आधी काढून वेगळी टाका. मग फळ्यांच्या मेजावर अख्खी लोकर पसरून कडेची मळकी, डागाळलेली काढा. हे मेज आम्ही स्वतः केलं आहे, पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवून, म्हणजे तुकडे आपोआप खाली गळतात.

आणि खताची पोती कातरणीच्या जागी आणू नका. प्लॅस्टिकचा तंतू लोकरीच्या रंगात रंगत नाही, तो कापड विणल्यावर उठून दिसतो. बाईंच्या एका शालीत असा निळा धागा निघाला होता. तेव्हापासून त्या जागेत आम्ही सुतळीचा तुकडाही ठेवत नाही.