आईच्या कॅलेंडरवरचे दोन आकडे

खानापूरला आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने दोन आकडे लिहिलेले असतात: वरचं बीपी, खालचं बीपी. दवाखान्यातल्या सिस्टर कन्नडमधून सांगतात, आई मराठीत टिपते. सोमवारी 148/92, गुरुवारी 136/84. वरचा उतरला की खालचाही बहुधा उतरतो. माणूस एकच ना.

बेळगावात बसून मी हेच करते, फक्त उपचारांच्या अनेक चाचण्यांमधले आकडे एकत्र आणून. मेटा-अ‍ॅनालिसिस. आणि तिथे एक चूक पुन्हापुन्हा दिसते: एकाच रुग्णाचे दोन आकडे दोन वेगळे साक्षीदार समजून मोजायचे. दोन्हींचा व्हेरियन्स, म्हणजे आकडा किती डळमळतो त्याचं माप, 1 असेल आणि सहसंबंध, म्हणजे दोघं किती जोडीने हलतात ते, 0.8, तर सरासरीचा व्हेरियन्स 0.9 येतो. सहसंबंध शून्य धरला की तोच 0.5. नसलेली खात्री पदरात पडते. वजाबाकी करायची असेल तर उलटं: खरा 0.4, आपण धरतो 2.

मला सगळ्यात आवडतं ते 1998 सालचं बर्की आणि सहकाऱ्यांचं काम. हिरड्यांच्या आजारावरच्या पाच चाचण्या, शस्त्रक्रिया विरुद्ध बिनशस्त्रक्रियेचे उपचार. शस्त्रक्रियेने हिरडीतली खोबण सुमारे 0.35 मिलिमीटर जास्त भरून आली, पण दाताला हिरडीची पकड सुमारे 0.34 मिलिमीटर कमी मिळाली. दोन्हींची सरासरी काढली असती तर हाती शून्य! म्हणून दोन्ही आकडे वेगळे ठेवायचे आणि त्यांचं नातंही सोबत न्यायचं. त्या पाच चाचण्यांतलं हे नातं त्यांच्या हाताशी होतं.

आमच्या हाताशी बहुतेक वेळा नसतं. शोधनिबंधात सरासरी असते, प्रमाणित विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) असतं, सहसंबंध नसतो. गेल्या वर्षी मी सहा लेखकांना मेल केले, उत्तर एकाचं आलं. मग 0.2, 0.5, 0.8 असे आकडे घालून बघायचं, निष्कर्ष हलतो का ते. हलला की फार वाईट वाटतं, कारण तो आकडा कुणाच्या तरी संगणकात पडून आहे. एका ओळीचं काम!

रविवारी आई म्हणाली, "काय लिहुलालीस गं एवढं?" मी कॅलेंडर दाखवलं. मंगळवारच्या चौकटीत नुसतं 142, खालचा लिहायचा राहून गेलेला. मागच्या महिन्याचे जोडीने लिहिलेले दिवस बघून मी म्हटलं, 88च्या आसपास असेल.

"जोड्या होत्या म्हणून सांगता आलं की," आई म्हणाली, आणि पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधायला घेतली.