मोहाखालचा पाला न पेटवणाऱ्या मावशी : धानोरा तालुक्यातला दौरा

झाडं लावण्याचं काम पाहायला लोक जुलैत जातात. माझं ऐकाल तर मार्चअखेर जा. मोहाच्या झाडांची फुलं गळायला लागलेली असतात, पाला वाळून खडखडीत झालेला असतो आणि जंगल राखायचं म्हणजे काय, ते तेव्हाच कळतं.

नागपूरहून गडचिरोलीला एसटी आहे. रेल्वेने यायचं तर वडसा स्टेशन. पुढे धानोऱ्याच्या रस्त्यावर मेंढा (लेखा) लागतं, तिथे थांबाच. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेलं हे गाव.

मी ज्यांना भेटायला गेले त्या मावशी याच तालुक्यातल्या. ‘माहं नाव नोको लिहू बाई, काम गावाचं हाये,’ म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची इकडे जुनी रीत. आग तिथेच थांबत नाही. जंगलात शिरते आणि पावसाळ्यात उगवलेली सगळी रोपांची पिल्लावळ जळून जाते. मावशींनी ग्रामसभेत हाच विषय लावून धरला. बायकांना बरोबर घेतलं आणि पेटवण्याऐवजी खराट्याने झाडायचं ठरवून घेतलं. चारोळीसाठी अख्ख्या फांद्या तोडणाऱ्यांशी तर त्यांची अजून भांडणं चालतात, आणि ती चालायलाच हवीत.

घरामागे त्यांची छोटी रोपवाटिका आहे. मोहाच्या बिया फार दिवस टिकत नाहीत, म्हणून पावसाच्या तोंडावर गोळा केल्या की लगेच पिशव्यांत लावायच्या. लावलेल्या प्रत्येक रोपाभोवती बोरीच्या काट्या, टोकं बाहेर करून. एका जागी शेळीने काटी ओढून काढली होती. मावशींनी बोलता बोलता खाली बसून ती परत खोचली, बोटातून रक्त आलं ते पदराला पुसलं आणि पुढे निघाल्या. ‘लावाले येक दिस लागते. राखाले तीन उन्हाळे.’ सरकारी फलकावर खड्ड्यांची संख्या असते, या तीन उन्हाळ्यांचा हिशोब कुठेच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

जाणाऱ्यांसाठी : आधी ग्रामसभेला कळवा, तसंच जाऊन धडकू नका. मोह वेचणं पहाटेचं, पण या जिल्ह्यात वाघांचे हल्ले झाले आहेत, म्हणून गावातल्या माणसांशिवाय जंगलात पाऊल टाकू नका. मलेरियाचा भाग आहे. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. रोख पैसे ठेवा, रेंजच्या भरवशावर राहू नका. फोटो विचारून काढा. जंगलात विडी-काडी अजिबात नाही.

आणि भेट म्हणून शहरातल्या नर्सरीतून गुलमोहर नेऊ नका. मावशींना रोपांच्या पिशव्या कमी पडतात आणि पाण्यासाठी हातपंपावरून खेपा घालाव्या लागतात. पिशव्या न्या, आणि दोन खेपा तुम्हीही घाला.