आमची वाटचाल : आधी ताल, मग शब्द

मनातले बोलता यावे म्हणून शाळांमध्ये घेतल्या जाणाऱ्या आमच्या कार्यशाळेत मुले आधी ढोल वाजवतात आणि मग रॅप लिहितात. हा क्रम बसवला तो माझ्या पहिल्या भागीदाराने, जो मुळात जेम्बे या हातांनी वाजवायच्या पश्चिम आफ्रिकी ढोलाचा वादक. हिप-हॉपचे मूळच तालात आहे, असे तो म्हणे. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क यांनी गाण्यातला निव्वळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटूनपालटून लांबवला, आणि रॅप त्याच्याच आधाराने वाढले. म्हणून अबोल मुलापुढे वही सरकवण्याआधी आम्ही जेम्बे ठेवतो. मधोमध तळव्याचा बास, कडेला बोटांचा टोन आणि झटक्याने काढलेला स्लॅप, हे तीन नाद हाताला बसले, की मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीवर चार ओळी रचायला बहुतेक मुले तयार होतात.

हीच पद्धत आमच्याकडून उचलली गेली. भागीदारीची बोलणी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसे सत्रभर आमच्या तासांना बसली, आराखडे घेऊन गेली आणि पुढच्याच वर्षी तेच तास ध्वनिमुद्रित करून निम्म्या दरात विकू लागली. त्यात ना प्रशिक्षक, ना समुपदेशक. आमच्या शाळा एकेक करून सुटल्या, जेम्बे गोदामात पडून राहिले आणि दमट हवेने त्यांचे बकरीचे कातडे सैल पडले. पगार थांबला असतानाही भागीदार रोज येऊन एकेक दोरी ओढून वाद्ये सुरात ठेवत असे. अशा वेळी एका मुख्याध्यापिकाबाईंनी वर्षभराचे शुल्क आगाऊ भरले. त्यांच्या शाळेतला एक मुलगा कित्येक महिने फक्त बासच वाजवत होता. वडील गेल्याचे त्याने प्रथम सांगितले ते रॅपमधून, आणि बाईंनी ते कान देऊन ऐकले होते. त्या शुल्कावर आम्ही तगलो.

या क्षेत्रात येणाऱ्यांना सांगावेसे वाटते, की मुलांना रांगेत नव्हे, गोलात बसवा, कारण एकमेकांचे हात दिसल्याशिवाय लय जुळत नाही. मुलाने लिहिलेली ओळ त्याच्या परवानगीशिवाय वाचून दाखवू नका आणि तिचे शुद्धलेखन तर मुळीच तपासू नका. दुःख सांगण्याची सक्तीही नको. नुसता ठेका धरून बसलेले मूलही त्या तासात सहभागीच असते. समुपदेशक खोलीत हजर नसेल तर तास पुढे ढकला, कारण ओळींमधून काय बाहेर येईल हे आधी कळत नाही.

कालांतराने शाळा परत आल्या, नवे प्रशिक्षकही आले. त्या कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र आमचा आराखडा आजही शब्दशः छापला जातो, आणि त्यावर माझ्या भागीदाराचे नाव नसते.